सल्ला आणि सवड : ‘कोवळी पानगळ’नंतरच्या बालआरोग्य-विचाराची रहाटणीच्या संदर्भातील चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बालआरोग्यविषयक लेखनात ‘कोवळी पानगळ’ या अहवालाचे स्थान अनन्यसाधारण आहे. गडचिरोली येथील ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने आणि ग्रामीण, आदिवासी व शहरी झोपडपट्टी अशा तिन्ही भागांत काम करणाऱ्या १३ स्वयंसेवी संस्थांच्या सहकार्याने सिद्ध झालेला हा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात दरवर्षी लाखाहून अधिक बालके दगावतात आणि त्यांपैकी मोठ्या संख्येची शासकीय दप्तरात नोंदच होत नाही, हे त्याने आकडेवारीनिशी दाखवून दिले. विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत त्याची चर्चा झाली. पुढे राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. आज राज्यात घरोघरी जाणारी ‘आशा’ ज्या पद्धतीने नवजात बालकाची तपासणी करते, त्या पद्धतीचे मूळही गडचिरोलीतील प्रयोगातच आहे.

या विचारपरंपरेने काय साधले आणि तिच्या चौकटीत काय मावले नाही, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील रहाटणी हा परिसर विचारार्थ घेतला आहे. गडचिरोलीचे जंगल आणि रहाटणीची पत्र्याची चाळ यांत साम्य नाही हे उघड आहे. परंतु एका ठिकाणी सिद्ध झालेला उपाय दुसऱ्या ठिकाणी नेला जातो, तेव्हा त्या उपायामागची न बोललेली गृहीतके दिसू लागतात. ती तपासल्याशिवाय बालआरोग्याच्या पुढील टप्प्याचा विचार करता येणार नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘कोवळी पानगळ’ : मोजणीचे मोल

अहवालाच्या शीर्षकापासूनच विचार सुरू करणे योग्य ठरेल. पानगळ ही निसर्गाच्या क्रमातील घटना आहे. पान पिकते, गळते आणि त्याच्या जागी नवे येते. त्यामुळे पानगळीचे कोणी दुःख करीत नाही. पालवीच गळू लागली, तर मात्र झाडाच्या मुळाशी काही बिघडले आहे असे समजावे लागते. बालमृत्यूकडे ‘देवाची इच्छा’ म्हणून पाहण्याची समाजाची सवय आणि ‘किरकोळ आजार’ म्हणून नोंद करण्याची प्रशासनाची सवय, या दोहोंना हे दोन शब्द एकाच वेळी उत्तर देतात. शासकीय अहवालांच्या रूक्ष भाषेच्या पार्श्वभूमीवर हे नाव लोकांच्या लक्षात राहिले, हा केवळ योगायोग नव्हे.

अहवालाचे खरे बळ मात्र शीर्षकात नसून मोजणीच्या आग्रहात आहे. जन्माला आलेले आणि काही तासांत गेलेले मूल ‘उपजत मृत’ म्हणून लिहिले जाते किंवा लिहिलेच जात नाही. ज्या मुलाची नोंद नाही, त्याच्या मृत्यूचे कारण शोधण्याची गरज कोणालाच वाटत नाही. मोजणे ही येथे तांत्रिक बाब राहत नाही. जे मूल गेले ते होते, अशी ती साक्ष ठरते. त्यामुळे अहवालाचे आकडे वाचकाला अस्वस्थ करतात.

या मोजणीबरोबर उपायही उभा होता. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, स्तनपानाला मदत करणे आणि जंतुसंसर्ग ओळखून तोंडी औषधाबरोबर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या. १९९३-९५ या काळात त्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये २५.५ पर्यंत खाली आला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉक्टरखेरीज इतर कोणी, तेही घरात, इंजेक्शन देऊ शकते ही कल्पना त्या काळी वैद्यकविश्वाला पचणे कठीण होते. २०११ साली केंद्र शासनाने हीच दिशा स्वीकारून देशभरातील आशांकडे गृहाधारित नवजात बालसेवेचे काम सोपवले.

या सर्व प्रयत्नांच्या काळात राज्यातील बालमृत्यू खरोखर घटले. नमुना नोंदणी योजनेनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २००१ साली ४५ होता, तो २०२० साली १६ झाला. रस्ते, दवाखान्यातील प्रसूती, लसीकरण, स्त्रीशिक्षण यांचा त्यात मोठा वाटा आहे आणि श्रेय कोणा एकाला देणे उचित नाही. परंतु पालवी गळण्याचे प्रमाण कमी झाले, हे निर्विवाद.

जगलेले मूल आणि वाढणारे मूल

येथून पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. जी बालके वाचली, ती कशी वाढत आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली होती. पाचव्या फेरीत हे प्रमाण ३५.२ टक्के भरले. उंचीच्या मानाने कृश असलेल्या बालकांचे प्रमाण दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्के असे जागच्या जागी राहिले. पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील क्षेत्रकार्य २०१९ च्या उत्तरार्धात, म्हणजे कोविडपूर्वी झाले होते. तेव्हा त्या साथीकडे बोट दाखवता येत नाही. त्याच पाहणीनुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांची संख्या दर दहांत एकाहूनही कमी होती.

मृत्यू घटले आणि वाढ मात्र अडखळली, ही विसंगती कशी समजून घ्यावी? दारिद्र्य, मातेचे स्वतःचे कुपोषण, अस्वच्छ पाणी, लागोपाठची आजारपणे ही कारणे सर्वज्ञात आहेत आणि त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु या यादीत सहसा न येणारे एक कारण आहे. मूल वाचवणे आणि मूल वाढवणे या दोन कामांचे काळाशी असलेले नाते वेगळे आहे. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला वाचवण्यासाठी योग्य दिवशी योग्य कृती लागते. आठ महिन्यांच्या बाळाला वाढवण्यासाठी मात्र स्तनपानाखेरीज दिवसातून दोन-तीन वेळा, आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, मऊ व घट्टसर अन्न भरवावे लागते. बाळ तोंड फिरवते, थुंकते, खेळू लागते. भरवणाऱ्याला थांबावे लागते, बोलावे लागते, पुन्हा घास पुढे करावा लागतो. हे काम रोजचे आहे आणि ते कोणाला तरी करावे लागते.

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ साली मांडलेल्या संगोपनाच्या चौकटीत आरोग्य, पोषण, प्रतिसादी संगोपन, सुरक्षितता आणि बालवयातील शिकण्याच्या संधी असे पाच घटक आहेत. यांपैकी पहिल्या दोन घटकांचा बराचसा भाग लस, गोळी व शिधा यांच्या रूपाने पोहोचवता येतो. प्रतिसादी संगोपन पाकिटातून वाटता येत नाही. मूल हुंकार देते तेव्हा उत्तर देणारे माणूस समोर असावे लागते. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था त्याबाबत सल्ला देऊ शकते. सल्ला अमलात आणण्यासाठी लागणारी सवड ती गृहीत धरते. प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य आक्षेप या गृहीतकावर आहे.

गृहभेटीची तीन गृहीतके

गृहाधारित सेवेच्या कल्पनेत तीन गोष्टी अनुस्यूत आहेत. पहिली, भेट दिली जाईल तेव्हा बाळ आणि माता घरी असतील. दुसरी, घर एकच असेल, म्हणजे गर्भारपणापासून मुलाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कुटुंबाचा पत्ता बदलणार नाही. तिसरी, भेट देणारी आणि भेट घेणारी एकाच गावच्या घड्याळावर चालत असतील.

गडचिरोलीतील स्त्री रिकामी होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. धानाची रोवणी, मोहफुले वेचणे, पाणी-सरपण ही तिची कामे कोणत्याही कारखान्यातील पाळीपेक्षा हलकी नव्हती. फरक कामाच्या जागेत आहे. शेताच्या बांधावर झोळी बांधता येते. तान्हे बाळ कामावर नेता येते. घरी आजी किंवा जाऊ असते. आरोग्यदूतही त्याच गावात राहणारी असल्यामुळे कोण कधी घरी परतते हे तिला ठाऊक असते. त्या भूमीत वरील तिन्ही गृहीतके बहुधा खरी ठरत होती आणि म्हणून ती सांगण्याची गरज पडली नाही.

‘हा उपाय शहरात तपासलाच गेला नाही,’ असा आक्षेप घेणे अन्यायाचे होईल. ‘अंकुर’ प्रकल्पाद्वारे हीच सेवा राज्यातील ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्ट्यांत इतर संस्थांनी राबवली. नवजात मृत्यूंच्या बाबतीत ती शहरातही उपयुक्त ठरणे स्वाभाविक होते, कारण बाळंतपणानंतरच्या पहिल्या सव्वा महिन्यात शहरातील कामकरी स्त्रीही घरीच असते. प्रश्न त्यानंतर उद्भवतो. २०१८ साली सुरू झालेल्या बालकांच्या गृहाधारित सेवेत आशाने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात भेट द्यावी असे ठरले. मूल सहा महिन्यांचे झाले की वरचे अन्न सुरू होते, आणि नेमक्या त्याच सुमारास औद्योगिक पट्ट्यातील माता कामावर परतते. ज्या काळात सल्ल्याची गरज सर्वाधिक, त्याच काळात सल्ला ऐकणारी घराबाहेर असते.

रहाटणी : अंगण नसलेली वस्ती

रहाटणी हे पवनेच्या परिसरातील, काळेवाडी, थेरगाव आणि पिंपळे सौदागर यांच्या मध्ये वसलेले मूळचे शेतकरी गाव. पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकण येथील कारखानदारीबरोबर शेताचे गुंठे झाले, गुंठ्यांवर चाळी उभ्या राहिल्या आणि नंतर मोठ्या गृहसंकुलांनी पिंपळे सौदागरच्या बाजूने गावाला वेढले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच कर्नाटक, उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेली कुटुंबे चाळीतील एका खोलीत भाड्याने राहतात. दार उघडले की समोर बोळ असतो. ‘अंगणवाडी’ या शब्दातील अंगण येथे उरलेले नाही.

नदीपलीकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषध कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला. स्वतंत्र भारतात पेनिसिलिनचे उत्पादन तेथून सुरू झाले. बालकांचे जीव वाचवण्याच्या कामी आंतरराष्ट्रीय सहकार्याने या देशाला दिलेल्या महत्त्वाच्या देणग्यांत त्याची गणना करावी लागेल. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाच्या आरंभीच असा बालआरोग्याचा धागा आहे. औषधाच्या बाबतीत हा परिसर वंचित नव्हता आणि आजही नाही. संत तुकारामनगरातील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय फार दूर नाही. येथील अडचण वेगळ्या जातीची आहे.

वरील तीन गृहीतके रहाटणीच्या चाळीत लावून पाहावीत. पहिले, माता घरी असेल. पाळीचे काम आठ तासांचे. त्यात भोसरी किंवा वीसेक किलोमीटरवरील चाकण गाठण्यासाठी कंपनीच्या बसची वाट पाहणे आणि प्रवास मिळवला, की दिवसाचे दहा-अकरा तास जातात. या वेळात बाळाची किमान दोन जेवणे येतात. ती शेजारीण भरवते, गावाहून आणलेली आजी भरवते किंवा शाळा सोडलेली थोरली बहीण भरवते. दुपारी आशा आली तर तिला हीच मंडळी भेटतात, अथवा दाराला कुलूप दिसते.

दुसरे, घर एकच असेल. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत चाळीतल्या कुटुंबांतही आहे. सातव्या महिन्यात मुलगी लातूरला किंवा बुलढाण्याला जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की परतते. गर्भारपणाची नोंद एका आशाकडे, बाळंतपणाची दुसरीकडे. परतल्यावर खोली बदललेली असली, तर तिसऱ्या आशाकडे तिची नोंदच नाही. ‘कोवळी पानगळ’ने ज्या न मोजलेल्या मुलाचा शोध घेतला, ते मूल येथे जिवंत असूनही वह्यांच्या मधल्या जागेत हरवते. पाहणीची आकडेवारीही त्याला शोधू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा सर्वांत लहान घटक जिल्हा आहे. जुन्नर-आंबेगावचा आदिवासी पट्टा आणि पिंपरी-चिंचवडची औद्योगिक नगरी पुणे जिल्ह्याच्या एकाच सरासरीत मिसळतात. रहाटणीचे मूल त्या सरासरीत दिसत नाही.

तिसरे, दोघींचे घड्याळ एक असेल. येथे तर एका घरातही घड्याळ एक नसते. पती रात्रपाळीला आणि पत्नी दिवसपाळीला, अशी रचना अनेकदा मुलासाठीच मुद्दाम केली जाते. त्या घरात दुपारी बाळाजवळ झोपेने जड झालेला बाप असतो.

याच परिसरातील गृहसंकुलांमुळे या चित्राला आणखी एक पैलू मिळतो. संकुलातील नोकरदार जोडप्याच्या बाळाला सांभाळणारी बाई अनेकदा मागच्या चाळीतून येते. एका मुलाला भरवण्यासाठी दुसऱ्या मुलाजवळचा हात उचलला जातो. पहिल्या घरात सवड विकत घेता येते, दुसऱ्या घरात ती विकावी लागते. या देवघेवीत कोणा एका कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु संगोपनाचा प्रश्न केवळ माहितीच्या अभावाचा आहे ही समजूत मात्र येथे टिकत नाही. दुसऱ्याच्या मुलाला वेळेवर, मऊ करून, गोष्ट सांगत भरवणारी ही बाई अडाणी नाही. तिला सर्व ठाऊक आहे. ते ज्ञान आपल्या मुलासाठी वापरायला तिच्याजवळ दिवस उरत नाही.

पालकत्व की केवळ मातृत्व?

या विषयाची शासकीय परिभाषा तपासली, तर आणखी एक बाब ध्यानात येते. माता-बाल संरक्षण कार्ड, मातृ वंदना योजना, माता मेळावा, माता-बाल आरोग्य मिशन असा हा शब्दपरिवार आहे. मातेच्या आरोग्याकडे दीर्घकाळ झालेल्या दुर्लक्षाचा विचार करता हा शब्द पुढे येणे आवश्यक होते. परंतु प्रसूतीचा काळ संपल्यावरही तोच शब्द कायम राहतो, तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. लाभार्थी म्हणून आलेली माता हळूहळू एकमेव जबाबदार व्यक्ती बनते. मुलाचे वजन घटले की विचारणा तिलाच होते.

राज्यात अलीकडे या दृष्टीत बदल करण्याचे प्रयत्न झाले आहेत. यवतमाळ व तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यांत युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने सुरू झालेल्या ‘आरंभ’ कार्यक्रमात अंगणवाडी सेविकांनी तीन वर्षांखालील मुलांच्या पालकांना खेळ, संवाद आणि प्रतिसादी संगोपन शिकवावे अशी योजना होती. त्यात ‘पालक मेळावा’ हा शब्द योजला गेला. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र शब्द बदलला म्हणून मेळाव्याला बाप येतोच असे नाही. मेळावा कामाच्या दिवशी अकरा वाजता असेल, तर औद्योगिक पट्ट्यातील बाप येणे जवळजवळ अशक्य आहे, आणि नोकरी करणारी आईसुद्धा.

कायद्याची भाषाही येथे मदतीला येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. सहा महिने निव्वळ स्तनपान या वैद्यकीय शिफारशीशी ती तंतोतंत जुळते. पण ही रजा मिळण्यासाठी प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत एकाच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते, आणि ठेकेदार बदलला की नोंदीची साखळी तुटण्याचा धोका असतो. घरकाम करणाऱ्या स्त्रीला तर मालक अनेक आणि नोंद एकही नाही. तिच्या वाट्याला मातृ वंदना योजनेतील पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये येतात. सहा महिन्यांच्या मजुरीशी ही रक्कम ताडून पाहिली की तिच्यातून किती दिवसांची सवड विकत घेता येईल हे सांगण्याची आवश्यकता राहत नाही. पित्याच्या बाबतीत केंद्रीय कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची रजा आहे. खाजगी क्षेत्रासाठी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पितृत्व रजेची तरतूद केलेली नाही.

विकासवाडीतून गळलेले पाळणाघर

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात पूर्वी झालाच नव्हता असे नाही. किंबहुना, तो गडचिरोलीच्याही आधी झाला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते विस्तारले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे दिसताच ताराबाईंनी शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. थोरली बहीण धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहते हे लक्षात आले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणणारी ‘विकासवाडी’ उभी केली. बहिणीने धाकट्याला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे, अशी ती रचना होती. या सर्व प्रयोगांमागे एकच सूत्र दिसते. मुलाला किंवा आईला संस्थेच्या वेळेत बसवण्याऐवजी त्यांच्या कष्टांच्या वेळेत संस्था बसवावी, हे ते सूत्र होय.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिने ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले. पूरक आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या तिच्या सहा सेवा ठरल्या. विकासवाडीतील पाळणाघर मात्र या यादीत आले नाही. तीन वर्षांखालील मुलासाठी वजनकाटा आणि घरपोच आहार उरला. सांभाळ उरला नाही. राष्ट्रीय धोरणाने मराठी बालशिक्षणाच्या परंपरेतून शब्द उचलला आणि त्या परंपरेचा कणा मागे ठेवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

पुढे पाळणाघरांच्या स्वतंत्र योजना आल्या. २००६ ची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना, तिचे २०१७ मधील पुनर्रचित रूप आणि २०२२ पासून ‘पालना’ या नावाने अंगणवाडीला जोडून पाळणाघर, असा हा क्रम आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पाळणाघर महिन्यातून २६ दिवस, दिवसाला साडेसात तास उघडे ठेवण्याचा नियम होता. कारखान्याची पाळी आठ तासांची आहे, प्रवास वेगळा. पाळीपेक्षा अर्धा तास आधी बंद होणारे पाळणाघर चाकणला जाणाऱ्या आईच्या उपयोगाचे कसे ठरावे? कोसबाडला गुरांच्या वेळा विचारात घेतल्या गेल्या होत्या. नियम करणाऱ्यांनी पाळीचा भोंगा विचारात घेतला नाही.

कारखान्यांवरील जबाबदारीचाही विचार केला पाहिजे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेसाठी ही तरतूद आहे. स्त्रियांच्या संख्येऐवजी एकूण कर्मचारीसंख्या हा निकष झाल्याने स्त्रिया कमी ठेवून जबाबदारी टाळण्याची वाट बंद झाली, ही जमेची बाजू होय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक आस्थापनांनी एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवण्यास, अथवा पालिकेच्या किंवा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराचा लाभ घेण्यास संहितेने मुभा दिली आहे. तान्ह्या बाळाला बसने वीस किलोमीटर नेणे शहाणपणाचे नाही. पाळणाघर कारखान्याच्या दारापेक्षा रहाटणीच्या चाळीजवळ असणे अधिक उपयुक्त, आणि त्याचा खर्च भोसरी-चाकणच्या आस्थापनांनी मिळून उचलणे अधिक न्याय्य. या तरतुदीत तसे करण्यास वाव आहे.

येथे एक धोका नोंदवणे आवश्यक आहे. आशा आणि अंगणवाडी सेविका यांनी संध्याकाळी किंवा रविवारी भेटी द्याव्यात, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त उपाय कोणालाही सुचेल. परंतु त्याही चाळीतल्याच आहेत आणि त्यांचीही मुले आहेत. मानधन आणि मोबदला या शब्दांखाली त्यांचे काम आधीच स्वस्तात घेतले जाते. २०२३ साली या दोन्ही कर्मचारी वर्गांनी राज्यव्यापी संप केले, त्यामागे हेच दुखणे होते. एका आईला सवड देण्यासाठी दुसऱ्या आईची सवड बिनमोल काढून घेणे, ही गृहसंकुल आणि चाळ यांच्यातील देवघेवीची शासकीय आवृत्ती ठरेल.

समारोप

‘कोवळी पानगळ’ने एका पिढीला बालमृत्यू मोजायला आणि थांबवायला शिकवले. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच पुढील प्रश्न विचारला पाहिजे. गडचिरोलीच्या प्रयोगाचे सार ‘घरी जा’ एवढेच मानले, तर रहाटणीत बंद दाराशी थांबावे लागते. त्याचे सार ‘मूल आणि त्याला सांभाळणारे जेथे व जेव्हा असतील तेथे पोहोचा’ असे मानले, तर तोच विचार येथे पाळणाघराकडे, रजेकडे आणि बापाकडे घेऊन जातो. ताराबाई मोडकांच्या कामाचा अर्थही याहून निराळा नाही. आरोग्य विभाग, महिला व बालविकास विभाग आणि कामगार विभाग ही प्रशासनातील तीन दालने आहेत; चाळीतल्या मुलाच्या दिवसात ती वेगळी करता येत नाहीत.

पालक-सहाय्य म्हणजे पालकांना उपदेश, असा अर्थ रूढ होत चालला आहे. त्या शब्दातील ‘सहाय्य’ गांभीर्याने घ्यायचे, तर दुपारी दोन वाजता रहाटणीतल्या आठ महिन्यांच्या बाळाला कोण भरवणार, हा प्रश्न आरोग्याचा प्रश्न म्हणून विचारावा लागेल. त्याला उत्तर नसेल, तर भिंतीवरचे तक्ते आणि कार्डावरच्या सूचना कितीही अचूक असल्या तरी मुलाच्या ताटलीपर्यंत पोहोचणार नाहीत. पालवी गळणे बऱ्याच अंशी थांबले आहे. ती खुरटू नये यासाठी लागणारी सवड समाजाने मिळून उभी करायची की एकट्या आईकडून काढून घ्यायची, याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.